सपरीतलं सारवण

गोदावरीबाईच्या सपरीला, घरापुढच्या ओसरीला, वर्ष झालं तरी शेणाचा हात लागला नव्हता, आणि गावातल्या बायकांना तिच्या नवऱ्याच्या खटल्यापेक्षा याचंच जास्त नवल होतं. नवरा काय, तो भंडाऱ्याच्या तुरुंगात होता, तिथं गावातलं कुणी बघायला जात नव्हतं. सपरी मात्र रस्त्यावरून दिसायची. जमिनीचे पोपडे निघालेले, कडेची पांढऱ्या छुईमातीची किनार पुसट झालेली, आणि आतल्या खोलीच्या दारापासून पायरीपर्यंत बाजा आडव्या टाकलेल्या, कुणी त्या जागेवरून चालू नये म्हणून. कोंबडी वर चढली तर गोदावरीबाई चुलीवरचं सोडून धावायची.

अड्याळच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की हे गाव लागतं. सारवावं तर गोदावरीबाईनं, असं या गावात एके काळी बोललं जायचं. लग्नाच्या मांडवाची जमीन तिच्याच हातानं सारवली जायची. तिच्या बोटांचे अर्धगोल एकासारखे एक उमटत जायचे, आणि नव्या नवऱ्या मुली उभ्या राहून बघायच्या. अशी बाई आपली सपरी अशी ठेवते म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय, असा निकाल बायकांनी कोर्टाच्या कितीतरी आधी लावून टाकला होता.

खरी गोष्ट अशी होती, की त्या पोपड्यांखाली एका माणसाचं रक्त होतं आणि गोदावरीबाई ते राखत बसली होती. रक्त ज्याचं, तो चोर होता. त्याला गोळी घालणारा तिचा नवरा इश्वर. आणि ते रक्त झाकून टाकणारी ती स्वतः.

झालं ते मंडईच्या दिवशी.

दिवाळी सरली की या मुलखात गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, व्याही येतात, दुपारी बाजार आणि रात्रभर नाटक. त्या दिवशी ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला गावात तोंड दाखवायची लाज वाटते. गोदावरीबाईची लेक अंजू तुमसरला दिलेली. ती नवऱ्याला आणि सासूला घेऊन आली होती. सासूबाई पहिल्यांदाच येत होत्या, त्यामुळे गोदावरीबाईचा जीव दोन दिवस आधीपासून टांगणीला लागलेला. कोंबडी, वडे, खीर, काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही. जेवणं उरकली आणि सगळी मंडळी चटया काखेत मारून नाटकाला गेली.

मागं एकटा इश्वर राहिला. त्याचे गुडघे धरलेले, रात्रभर जमिनीवर बसणं त्याच्यानं होत नव्हतं. शिवाय शेतात धानाचे पुंजणे रचून पडले होते आणि रानडुकरं रोज यायची. पहाटे शेतावर चक्कर टाकायची म्हणून त्यानं बंदूक भरून खोलीच्या कोपऱ्यात उभी करून ठेवली.

ही बंदूक म्हणजे काही शौकाची वस्तू नव्हे. पीक राखायला म्हणून त्याच्या बापाला परवाना मिळालेला, तो पुढं इश्वरच्या नावावर झाला. भरमार बंदूक. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, चिंधी ठासायची, मग छर्रे सोडायचे आणि पुन्हा ठासायचं. डुक्कर समोर आल्यावर हे सगळं करत बसलं तर डुक्कर पोटभर धान खाऊन, ढेकर देऊन घरी जाईल. म्हणून हंगामात गावातली भरमार भरलेलीच असते. शेंबड्या पोरालाही इथं हे ठाऊक आहे. पुढं कोर्टात हेच समजावताना वकिलाच्या नाकी नऊ आले.

नाटक सुटलं आणि झुंजूमुंजू होताना मंडळी परतली. पाहुण्यांच्या आधी घरी पोचून चहाचं आधण ठेवावं म्हणून गोदावरीबाई झपाझप पुढं आली. बघते तर इश्वर सपरीत बाजेवर बसलेला, मांडीवर बंदूक, चेहरा राखेसारखा.

"चोर आलता," तो म्हणाला. "कडी उचकटून सीधा खोलीतच शिरला. कोन हाय म्हनलं तं सब्बल उगारली माह्यावर. मी घोडा ओढला."

"लागली का त्याले?"

"लागली. मी खालतं धरून मारली. पाय ओढत ओढत पळाला कुंपनाकडे."

खोलीच्या उंबऱ्याच्या आत रक्ताचं थारोळं होतं. तिथून ते सपरीभर ओघळत पायरीपर्यंत गेलं होतं. दाराशी कुणाची तरी सब्बल, लोखंडी पहार, पडली होती.

"पोलिसात सांगा लागते ना जी."

"सांगतो. उद्या जाऊन सांगतो. आज मंडईचे पाव्हणे हायेत घरात. विहीनबाई पहिल्यांदा आली. तिच्यापुढं पोलीस आनून कायले तमाशा करायचा? गेला तो. काही नेलं नाही त्यानं."

तेवढ्यात वळणावरून अंजूचा आवाज आला. मंडळी तिथं ओळखीच्यांशी बोलत थांबली होती. सासूला ती नाटकातल्या विनोदी माणसाची नक्कल करून दाखवत होती, आणि सासू खळखळून हसत होती. गोदावरीबाईनं दुसरा विचार केला नाही. विचार करायचा असतो हेच तिला त्या घडीला सुचलं नाही. सकाळच्या सड्यासाठी टोपल्यात शेण होतंच. तिनं ते बादलीत कालवलं, पदर खोचला आणि खोलीच्या आतल्या भागापासून सुरुवात करून पायरीपर्यंत भराभर सारवत आली. पायरीखालच्या अंगणात कुंपणापर्यंत सडा टाकला. पडलेली सब्बल उचलून घरच्या सब्बलींशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. इश्वरनं बंदूक आत नेली. पाहुणे दारात आले तेव्हा घरात काही घडलं होतं असं कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

"अगंबाई, रातभर जागून आल्या अन् सारवून बी झालं," अंजूची सासू म्हणाली. "काय हात हाय विहीनबाई तुमचा."

गोदावरीबाईला ते ऐकून बरं वाटलं होतं. पुढं तुरुंगाच्या भेटी, कोर्टाच्या तारखा, सगळं तिनं सोसलं, पण त्या सकाळी आपल्याला बरं वाटलं होतं, ही आठवण आली की तिला स्वतःचे हात बघवत नसत.

चहाच्या कपबशा विसळून होईपर्यंत गावच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर, ओरडा झाला. पाळीच्या पलीकडं, पळसाच्या झुडपात एक पोरगा मरून पडला होता. मोनू त्याचं नाव. दुसऱ्या तालुक्यातला, इथं कुणाच्या ओळखीचा नाही. मांडीत छर्रे शिरले होते आणि सगळं रक्त वाहून गेलं होतं. वेळेवर दवाखान्यात नेला असता तर वाचला असता, असं डॉक्टरांनी पुढं सांगितलं. इश्वरनं ते ऐकलं तेव्हा तो भर कोर्टात खाली बसला. जीव जाऊ नये म्हणून पायावर मारली, आणि तो पायच जिवावर बेतला.

पोलीस रक्ताच्या मागानं उलटे आले. बोडी, बांध, कुंपण. कुंपणापाशी माग संपला. पुढं अंगणात ओला सडा आणि सपरीत ताजं सारवण.

"मी घरातच मारली साहेब," इश्वर म्हणाला. "तो त्या खोलीत होता. माह्यावर सब्बल उगारली त्यानं."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खोलीत वाकून, बॅटरी मारून बघितलं. "इथं मारली तर इथं रक्त पाहिजे. कुठाय? सब्बल कुठाय?"

भिंतीला तीन सब्बली टेकलेल्या होत्या, तिन्ही गंजलेल्या, तिन्ही सारख्या. चोराची कुठली हे आता गोदावरीबाईलाही छातीठोक सांगता येईना.

"आणि हे सारवलं कुणी?"

गोदावरीबाईनं तोंड उघडलं. तिच्या आधी इश्वर बोलला.

"मी."

जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. पुरुषमाणूस शेणात हात घालून सपरी सारवतो, हे या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. एक शिपाई तर हसलाच. पण साहेबानं ते टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशापुढं उभं केलं तिथंही इश्वरनं कुणी न विचारता तेच सांगितलं, घरच्या बाईचा काही संबंध नाही, सारवलं ते मीच. बायकोला विहिणीदेखत पोलिसांच्या गाडीत चढवतील, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं. तिला वाचवायला म्हणून बोललेलं ते एक वाक्य आपल्याच गळ्याला किती आवळतं आहे, हे त्याला कोण सांगणार?

सांगितलं कैलाश वकिलानं, पण महिनाभरानं. हा शेजारच्याच गावातून शिकून भंडाऱ्याला गेलेला, बसस्टँडच्या मागं त्याचं छोटं ऑफिस. गोदावरीबाईला तो काकू म्हणायचा आणि तिला खुर्चीवर बसवल्याशिवाय स्वतः बसायचा नाही.

"काकू, कायदा आपल्याच बाजूनं आहे," तो म्हणाला. "रात्री कोणी घर फोडून आत शिरलं, जिवावर उठलं, तर घरधन्यानं मारलं तरी तो गुन्हा होत नाही. नवा कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण अर्थ तोच आहे. पण माणूस घरात होता, हे दिसलं पाहिजे. आज कागदावर काय दिसतंय? रक्त कुंपणापासून पुढं. म्हणजे पळणाऱ्याला बाहेर गाठून मारलं."

"पळत्याले मारलं तं काय होते?"

कैलाशनं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "तर मग तो खून."

मग त्यानं बाकीचंही सांगितलं. परवाना डुकरांसाठी होता. बंदूक आधीच भरलेली होती, म्हणजे सरकारी वकील म्हणणार, वाट बघत बसला होता. पोलिसांना कळवलं नाही, म्हणजे लपवायचं होतं. आणि वरून स्वतःच्या हातानं रक्त सारवून टाकलं.

"त्यायनं नाही सारवलं," गोदावरीबाई म्हणाली. "मी सारवलं. तो मेला हे तवा कोणाले माहीत होतं?"

"मला माहीत आहे काकू. माझी आईपण सारवते. काका सारवतील का कधी?" मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा तो पुढं झुकला. "त्यानंतर पुन्हा सारवलं का तुम्ही?"

सारवलं नव्हतं. नवरा नेला त्या दिवसापासून तिचं कशातच मन नव्हतं.

"मग आता हात लावू नका. खाली रक्त असेल. मी कोर्टात अर्ज करतो, तपासणीवाले येऊन घेऊन जातील. ते माणसाचं निघालं की काका सुटले समजा."

तर अशी ही सपरीची राखण सुरू झाली. बाजा आडव्या पडल्या. उन्हाळ्यात पोपडे सुटायला लागले तर ती त्यांवर गोणपाट टाकायची. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी उडू नये म्हणून ताडपत्री बांधली, आणि रात्री स्वतः तिथंच अंग टाकलं. अंजूनं यायचं कमी केलं. सासरी कुणी काही बोललं असेल, किंवा तिलाच ते बघवत नसेल. लेकीच्या लग्नातले दागिने गोदावरीबाईनं कधी एवढे जपले नसतील, जेवढं तिनं त्या चोराचं रक्त जपलं. कधी कधी तिला स्वतःचाच संताप यायचा. सारवायचंच होतं तर नुसतं पायरीपुढचं सारवायचं होतं. आतली खोली कोण बघणार होतं? पण अर्धवट काम करणं तिच्या हातात नव्हतं.

तुरुंगात जाळीपलीकडून इश्वर दिसायचा, दर वेळी थोडा लहान झालेला.

"तू कोर्टात काही बोलू नोको," तो म्हणायचा. "मी सारवलं म्हनून सांगतलं ना, ते तसंच राहू दे. तुले बी आत टाकतीन. मंग गाई कोन पायल?"

"तुमाले सारवता येते का जी?"

इश्वर हसला. वर्षभरात तो एवढाच एकदा हसला असेल. "शिकव मंग मले इथं," तो म्हणाला, आणि वेळ संपली.

तपासणीवाले आले ते पावसाळा सरल्यावर. गोदावरीबाईनं आपल्या हातानं बाजा बाजूला केल्या आणि जागा दाखवली, इथून इथपर्यंत, इथं जास्त होतं. हातमोजे घातलेल्या एका तरुण पोरीनं चमच्यासारख्या हत्यारानं पोपडे उचलले आणि पाकिटांत भरले.

"निघल ना बाई रक्त?"

"बघू मावशी," पोरगी म्हणाली. गोदावरीबाईनं तिला चहा दिला. पोरीनं तो घेतला नाही, ड्युटीवर असताना चालत नाही म्हणाली.

अहवाल आला तेव्हा कैलाशनं तिला बोलावून घेतलं. आज त्यानं तिला बसवलं, पण स्वतः उभाच राहिला.

"रक्त सापडलं काकू. पण शेणात कालवलं गेलंय, वरून वर्ष गेलं. माणसाचं की जनावराचं, हे सांगता येत नाही असं लिहिलंय."

"मंग?"

"सरकारी वकील म्हणतात, मंडई होती, पाहुणे होते, कोंबडी कापली असेल."

"कोंबडी मांगच्या अंगनात कापली. खोलीत कोन कापते?"

"मला माहीत आहे काकू," कैलाश म्हणाला. हे वाक्य तो आता फार वेळा म्हणायला लागला होता. आता उरली होती ती एकटी गोदावरीबाई, रक्त आत पाहिलेली एकुलती एक साक्षीदार. तिनं उभं राहून सांगायचं, की आत होतं, मी पाहिलं, मी सारवलं. पोलीस तिच्यावर पुरावा नष्ट केल्याचा आळ घेऊ शकतात, हेही कैलाशनं सांगितलं. तिनं फक्त तारीख विचारली.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. वाळलेली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. मोनूची आई रत्नाबाई. दोघी एकमेकींना ओळखून होत्या, पण वर्षभर कुणी कुणाकडं बघितलं नव्हतं. आज रत्नाबाईच सरकून जवळ आली.

"एक इचारतो बाई. खरंच आला होता का तो तुमच्या घरात?"

"आला होता बाई."

रत्नाबाईनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "वकील म्हनते, तो आत गेलाच नाही. रस्त्यानं जाऊन राहिला होता अन् मारला. मले तेच बरं वाटते," ती म्हणाली. "नाही तं चोराची माय म्हनून जगा लागन मले."

गोदावरीबाईला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या पोराच्या मांडीतलं रक्त आपण पदर खोचून झाकलं, आणि इथं ही त्याची आई बसली आहे, एवढंच तिला सुचत राहिलं. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला.

सरकारी वकील शांत माणूस होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सपरी कुणी सारवली?"

"मी."

"तुमचे पती तर म्हणाले, मी सारवली."

"त्यायले सारवता येत नाही जी."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनी मान वर करताच थांबला. आरोपीच्या पिंजऱ्यात इश्वर मान हलवून तिला गप्प बस म्हणत होता.

"रक्त बघून तुमच्या मनात काय आलं?"

"पाव्हणे येऊन राहिले, असं आलं."

"एक माणूस जखमी होऊन पळाला, हे नाही आलं?"

नव्हतंच आलं, तर काय सांगायचं?

"बरं. तुमचे पती न्यायाधीशांपुढं म्हणाले, सारवलं ते मीच. मग ते खोटं बोलले का?"

गोदावरीबाईनं इश्वरकडं बघितलं. हो म्हणावं तर तो खोटारडा. नाही म्हणावं तर ती. गावाकडं असा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

"मले वाचवाले बोलले ते," ती हळू म्हणाली.

"म्हणजे खोटं बोलले. तुम्हाला वाचवण्यासाठी. आणि आज तुम्ही बोलताय ते त्यांना वाचवण्यासाठी." वकील वळला. "मला आणखी काही विचारायचं नाही."

तिला आणखी खूप सांगायचं होतं. थारोळं केवढं होतं, उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला होतं, इश्वरचा चेहरा कसा झाला होता. पण कुणी विचारलंच नाही, आणि शिपायानं तिला खाली उतरायची खूण केली.

निकाल दिवाळीनंतर लागला. इंग्रजीतलं वाचून झाल्यावर कैलाशनं तिला जिन्याखाली नेऊन मराठीत सांगितलं. खून नाही धरला. मोनू चोरीलाच आला होता असं धरलं, पण तो आत शिरला होता हे सिद्ध झालं नाही. अंगणातून पळणाऱ्याला मारणं म्हणजे घर राखण्याच्या हक्काच्या पुढं जाणं, म्हणून सात वर्षं.

"अन् माही साक्ष?"

कैलाशनं चष्मा काढून पुसला. "सपरी तुम्हीच सारवली, हे कोर्टानं मानलं. वय बघून तुमच्यावर कारवाई नको, असंही लिहिलंय. रक्त आत होतं, हे मात्र नाही मानलं. बायको नवऱ्याच्या बाजूनंच बोलणार, म्हणतात."

"म्हनजे एकाच तोंडाचं अर्धं खरं अन् अर्धं खोटं?"

"जेवढं आपल्या विरोधात होतं, तेवढं खरं," कैलाश म्हणाला, आणि आपला चेहरा तिला दिसू नये म्हणून दुसरीकडं बघायला लागला. नागपूरला अपील करू, असंही तो म्हणाला. वर्षं लागतील, पण करू.

गाडीत चढवण्याआधी शिपायानं इश्वरला थोडा वेळ तिच्याशी बोलू दिलं. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. तोही रडला नाही. इकडचं तिकडचं बोलावं तसा बोलला.

"अंजूची माय, सपरी सारवून टाक आता."

"वकील म्हनते अपील करू. कोनी पुन्हा पाहाले आलं तं?"

"मी इचारलं त्याले. वरतं कागद जाते म्हने, जमीन नाही जात." त्यानं खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. "मंडई आली. अंजूले बोलाव, विहीनबाईले बी बोलाव. घर असं बरं नाही दिसत."

गाडी गेली. गोदावरीबाई बसनं अड्याळला आणि तिथून गावात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ताडपत्री सोडली, बाजा उचलून भिंतीला उभ्या केल्या आणि शेण कालवलं. खोलीच्या आत, उंबऱ्याशी, जिथं सगळ्यात जास्त होतं, तिथं ती गुडघे टेकून बसली. हात पुढं जाईना. वर्षभर तिनं या हातभर जागेवर नवऱ्याचा जीव ठेवला होता. इथं खरंच एक माणूस आला होता, इथंच इश्वर त्याच्यासमोर उभा होता, आणि याची खूण म्हणून जगात ही एवढी जागाच उरली होती. मग तिनं डोळे मिटले आणि हात फिरवला. एकदा फिरल्यावर हात आपलं काम विसरला नव्हता. अर्धगोलाला अर्धगोल जोडत ती मागं मागं सरकत पायरीपर्यंत आली.

रस्त्यानं पाण्याची गुंडी घेऊन चाललेली रुखमिणी थांबली. शेजारचीच, मंडईच्या तयारीत असलेली.

"सारवलं वं बाई शेवटी," ती मनापासून म्हणाली. "किती चांगलं दिसून राहिलं आता."

गोदावरीबाईनं मान वर केली नाही. तिचे दोन्ही हात ओल्या शेणात तसेच टेकलेले होते, आणि पायरीवर बसून ती मोठ्यानं रडायला लागली. रुखमिणीला वाटलं, आपलं काही चुकलं. ती गुंडी खाली ठेवून जवळ आली, पण ओल्या सारवणावर पाय पडेल म्हणून पायरीच्या खालीच उभी राहिली.